लेणाईनं शेंदूर सोडला

१४ जानेवारी १९७३, संक्रांत

मच्छिंद्रनं नागापूरच्या कंपनीतनं ही डायरी आनली. माजा थोरला, तिथं लेथ मशीनवर कामाला असतो. म्हनाला, ‘आये, तू दिसभर बोलत असतीस, त्यातलं थोडं हितं लिवत जा, तेवढाच दादांच्या कानाला इसावा.’ दादा म्हंजे त्याचे वडील, आमचे हे. यांचं नाव मी तोंडानं घेत न्हाई, लिवनार पन न्हाई. सून चांगुणा पदराआड हसली. हसू दे. गावात बायकांचा वर्ग निघाला हुता तवा मी दुसरीपर्यंत शिकले. जोडाक्षर आलं की अजून धाप लागते, पन चढ चढल्यावर बरं वाटतं तसं लिवल्यावर बरं वाटतं.

यंदा तीळ नावाला. दुष्काळ हाय. चांगुणानं गुळाचा खडा आन त्याला चिकटवलेले चार तीळ असं वाटलं. तरी विजू, माजी नात, ‘गोड गोड बोल’ म्हनून लाडात आली. तिच्या पुढच्या दातात खिडकी पडलीय. त्या खिडकीतनं शब्द असे गार वाऱ्यासारखे येतात.

लिवायचं ऱ्हायलंच. लेणाईकडं सायब आलेत.

२३ जानेवारी, मंगळवार

लेणाईचं सांगते. गावामागच्या डोंगराच्या पोटात दगडात कोरलेलं लेणं हाय. पुढचा मंडप कवाच पडला, त्याचे खांब उन्हात गुरं बसावीत तसे पडलेत. आत गेलं की उन्हाळ्यात पन अंगावर गार सावली येते, जशी काय कुनी ओली चादर टाकली. मधी दगडाचा मोठा गोल घुमट हाय, त्याला आमी देवीची कणगी म्हनतो. पीक आलं की पैली मूठ तिथं. आन कणगीपुढं लेणाई बसलेली. शेंदराचा हा एवढा गोळा, चांदीचे डोळे, अंगावर लुगडं. दर मंगळवारी तिला तेल-शेंदूर लावायचा मान आमच्या घरचा. सासूबाईंनी मरताना माजा हात धरून त्यांच्या हातातला शेंदूर माज्या हाताला पुसला. तवापास्नं मी लावते.

सायबांचं नाव टेकाडे. पुराणवस्तू खात्याचे. पोरगेलेसे हायेत, चष्मा लावतात. मी शेंदूर लावंपतूर गप उभे ऱ्हायले, मला ते आवडलं. मंग म्हनाले, ‘आजी, ही कणगी नाही. हा स्तूप आहे. बुद्धाचं देऊळ आहे हे. फार जुनं. पावसाळ्याचे चार महिने इथं भिक्षू राहायचे.’

बाजूच्या खोल्यांमधे दगडाचे वटे हायेत, उशीसकट कोरलेले. मी लगीन होऊन आले तवापास्नं इचारत हुते, हितं कोन निजत असंल? कुनी सांगायचं पांडव. पन पांडव पाच आन वटे जास्ती. आज उत्तर मिळालं. दुपारभर मला दिसत ऱ्हायलं, बाहेर पाऊस धो धो, आन आत मुंडन केलेली मानसं दगडी उशीवर डोकं टेकून निजलीत, आन लेणाई त्यांच्यावर नजर ठेवून बसलीय.

घरी येऊन यांना सांगितलं. हे म्हनाले, ‘मंजी दगडाची उशी नशिबी असलेली मानसं आपल्या आदुगर पन हुती म्हनायची.’ यांना देवाचं काय सांगायची सोय न्हाई.

२५ जानेवारी

सायब खांब उभे करनार, मंडप सावरनार, सगळं करनार. दुष्काळी कामावरची मानसं दगड उचलायला लागलीत पन. पन एक अडचन निघाली.

लेण्याच्या छताला चीर पडलीय. ती कणगीवरनं येऊन लेणाईच्या पाठीमागनं खाली उतरती. सायबांनी मला कंदील धरून दावली. ‘आजी, शेंदराच्या खाली ही चीर कुठपर्यंत गेली आहे ते मला दिसत नाही. दिसल्याशिवाय चुना भरता येत नाही. आणि नाही भरली तर एखाद्या पावसाळ्यात वरचा कातळ खाली येईल.’

‘कुठं खाली?’ म्या इचारलं.

त्यांनी लेणाईकडं बगितलं.

मंजी शेंदूर काढाया पायजे. आन शेंदराला कुनी हात लावायचा न्हाई असा आमचा रिवाज. देवी आपल्या मनानं शेंदूर सोडती. सासूबाई सांगायच्या, त्यांच्या म्हायेरी देवानं सोडलं हुतं, शेंदराची अख्खी खोळ निघून पडली, मंग ती वाजत गाजत गंगेला नेली. खरवडून काढलं तर गावाचं वाटुळं.

सरपंच काकासाहेब म्हनाले, सरकारी काम हाय, नको कसं म्हनायचं. भीमाबाई म्हनाली, ‘जो तिच्या अंगाला हत्यार लावील त्याच्या घरात दिवा लागायचा न्हाई.’ भीमाबाई देवळात सगळ्यात पुढं बसती, तिच्यापुढं कोन बोलनार. मंग ठरलं की कौल लावायचा. आन कौल लावायचा कुनी, तर ज्या हातानं शेंदूर लावला त्या हातानं. सगळे माज्याकडं बगायला लागले. माजा हात पदराखाली गेला.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

कौल झाला. लिवू का नको असं झालंय.

कौल मंजी असं. देवीच्या उजव्या आन डाव्या अंगाला एकेक सुपारीचं खांड चिकटवायचं. मंग इचारायचं, बाई, तुजा शेंदूर उतरवू का? उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर न्हाई. सगळं गाव डोंगरावर. बौद्धवाड्यातली बनुबाई पन आलती. ती माज्याच वयाची, आमी संगं खुरपायला जायचो. पूर्वी त्या लोकांना खालच्या पायरीच्या वर येऊ देत नव्हते. आता कोन काय बोलत न्हाई, तरी ती तिथंच बसती. मी हात केला तर म्हनाली, ‘हितनं दिसतंय गं.’

लावली खांडं. इचारलं. आन बसलो.

ऊन खांबांवरनं सरकून पायरीवर आलं. पोरं पेंगली. काकासाहेबांनी दोनदा तंबाखू मळली. उजवं पडंना, डावं पडंना. सायब घड्याळ बगून परत खिशात घालायचे. भीमाबाई म्हनली, ‘बोलंना मंजी रुसली.’ कुजबूज झाली, बाया उठून जायला लागल्या.

तवा माज्या ध्यानात आलं. आज मंगळवार. पाटं येऊन मी दर मंगळवारसारखा तेल-शेंदूर लावला हुता, आन कौलाचा दिवस म्हनून जरा जास्तीच. ओल्या शेंदरात सुपारी रुतून बसली. ती बिचारी हो म्हनंल का न्हाई म्हनंल, तिच्या हातात काय ठेवलं हुतं मी?

हे कुनाला सांगितलं न्हाई. सांगून कोन ऐकनार, आता कौल परत लावायचा न्हाई, एकदाच असतो. फकस्त यांना सांगितलं. मला वाटलं हसतील. हे नुसतं भिताडाकडं बगत म्हनाले, ‘मंजी तिचं उत्तर अजून यायचं हाय.’

१५ फेब्रुवारी

सपान पडलं. लेणाई आमच्या चुलीपाशी बसलेली, पाटावर, मांडी घालून. लई गरम होतंय म्हनली. मी वारा घालायला लागले तर म्हनती, वारा नको, हे काढ. मी म्हनलं काय काढू, तर तिनं हात लांब केला आन तिच्या हाताला बोटं दिसली. शेंदरात कवा बोटं दिसली न्हाईत मला. लांबट बोटं, जशी माज्या आज्याची हुती, बासरी वाजवायचा तो.

जाग आल्यावर लई वेळ तशीच पडून ऱ्हायले. बरं वाटत हुतं आन रडू बी येत हुतं.

मी ठरवलंय, आता मंगळवारी नुसतं जायचं, तेल लावायचं न्हाई. तिला मोकळं सोडायचं. सोडायचा तर तिनं सोडावा. गावात सांगितलं, दुष्काळ हाय, तेल कुठाय. ते खोटं पन न्हाई.

६ मार्च, मंगळवार

आज लेण्यात वरनं ढलपा पडला. परातीएवढा. लेणाईच्या मांडीपाशी. मी समोरच बसले हुते, लुगड्यावर माती उडाली.

सायब धावत आले. माज्या अंगाला हात लावून बगितलं, लागलं का, लागलं का. मी म्हनलं, मला काय न्हाई, तिला बगा. ते खाली बसले. म्हनाले, ‘आजी, मार्चअखेरपर्यंत माझं काम आहे. तोपर्यंत चीर मोकळी झाली नाही, तर मला दाराला जाळी लावून, कुलूप घालून जावं लागेल. आत कुणी जायचं नाही. कुणावर पडायला नको.’

‘मंग ती एकटी ऱ्हाईल?’

‘हो.’

‘आन तिच्यावर पडलं तर?’

ते चष्मा पुसत बसले. पोरगं चांगलं हाय, पन त्याच्या बी हातात काय न्हाई.

मी लेणाईजवळ गेले. तेल न्हाई म्हनून शेंदूर वाळलाय, गळ्यापाशी केसाएवढी भेग दिसती. मी म्हनलं, बाई, एवढी उघडलीस तर आनखी उघड की. कवाड उघडायला कवा कुनाला एवढा वेळ लागतो का? ती चांदीच्या डोळ्यांनी टक लावून बगत ऱ्हायली.

घरी आले, जेवान गेलं न्हाई. यांनी माज्याकडं बगितलं, मंग ताटाकडं बगितलं. म्हनाले, ‘चीर कुठल्या अंगानं हाय?’ मी म्हनलं, डाव्या. म्हनाले, ‘आन गळ्यापाशी सुटलंय म्हनतीस.’ मी म्हनलं, तुमी कशाला इचारता, तुमी तर किती वर्सांत तिकडं चढला न्हाईत. म्हनाले, ‘गुडघे.’ एवढंच.

१९ मार्च, धुळवड

काल होळी झाली, चार काटक्यांची. यांना आठवड्यापास्नं नवीनच सुचलंय. पाटं उठून रानात जातात. रानात काय हाय, नुसती ढेकळं. मी इचारलं तर म्हने, ‘चाललं की गुडघा मोकळा होतो, डाक्टरनं सांगितलंय.’ कंचा डाक्टर, कवा भेटला, काय पत्त्या न्हाई. संगं चहाची मोठी किटली, एक गोणपाट आन काड्याची पेटी. म्हने शेक घ्यायचा, गरम पान्याचा.

पानी तर टँकरचं. चांगुणा हंडा वाकवून बगत हुती. मी म्हनलं, तुज्या मामंजींना काय झालंय बाई. ती म्हनली, ‘असू द्या आत्याबाई, म्हातारपनी एखादा हट्ट असतो.’ आन हसली. तिचं हसू मला कळत न्हाई कवा कवा. रॉकेलची बाटली पन अर्धी झालीय. म्हनाली, सांडलं.

पन यांच्या चेहऱ्यावर तरतरी आलीय, खरं सांगते. लगीन झालं तवा बैलगाडी हाकताना असेच दिसायचे. मला गंमत वाटती, लेणाईच्या काळजीनं मी वाळले आन हे हिरवे व्हायला लागले.

२४ मार्च

काल रंगपंचमी. गावात पानी न्हाई तर रंग कोन खेळनार, पोरांनी एकमेकांना सुका टिळा लावला तेवढंच. आन आमच्या म्हाताऱ्याची नखं लाल! मी हात धरून दावली. म्हनलं, ह्या वयात कुनासंगं रंग खेळून आलात? म्हनाले, ‘हुती एक. डोंगरावर भेटली.’

चांगुणा चुलीपाशी एवढी खोकली की मला तिच्या पाठीवर थापटावं लागलं.

आज मी पन लेण्यात गेल्ते. दारात कुनीतरी जाळ केलेला, राख अजून कोमट. गुराखी असतील, दुसरं कोन. सायब पन बगत हुते. मी म्हनलं, ह्या पोरांना सांगा, देवीच्या दारात शेकत बसतात. सायबांनी राखेकडं बगितलं, मंग आत बगितलं, मंग पायानं राख सारखी केली. म्हनाले, ‘आजी, थंडी असेल.’ मार्चात थंडी. शिकलेल्या मानसांचं एकेक.

२७ मार्च, मंगळवार

सोडला. लेणाईनं शेंदूर सोडला.

अक्षरं वाकडी येतायत, येऊ देत.

आज जरा उशिरानं गेले. दारात उभी ऱ्हायले तर आत काय तरी येगळं. उजेड येगळा. लुगडं खाली पडलेलं, आन त्यात ती खोळ, अख्खी, पाठीवर पडलेली, आतनं पोकळ. चांदीचे डोळे वर छताकडं बगतायत. आन तिच्यामागं बसलेलं कोन तरी.

मी खाली बसले.

देवी न्हाई. पुरुष हाय. मांडी घातलेली, मांडीवर हात, हाताला लांब बोटं. माज्या सपनातली. कान लांब. आन डोळे मिटलेले. एवढी वर्सं ती माज्याकडं टक लावून बगती असं वाटायचं, मी त्या डोळ्यांना भिऊन कवा कवा खोटं बोलायचं सोडलं. आन आत हा सगळा वेळ डोळे मिटून बसलेला, काय तरी गोड ऐकत असल्यागत.

मला आधी हसू आलं. एवढी वर्सं मी एका बाप्याला लुगडं नेसवत हुते, खणाची चोळी शिवली, वटी भरली. मंग हसता हसता डोळे भरले. मी पायाला हात लावला. दगड ओलसर लागला, कोमट. जित्या अंगागत. देवाला काय अशक्य हाय.

मी हाळी दिली, गाव जमा झालं. भीमाबाईनं लोटांगन घातलं. म्हनली, ‘हत्याराचा एक ओरखडा न्हाई. आपल्या मनानं सोडला.’ काकासाहेब म्हनाले, कौलाचं उत्तर आलं. सायबांनी चीर बगितली. खांद्याच्या मागनं खाली कमरेपतूर गेलीय. गवंड्याला म्हनाले, ‘आजच चुना भिजवा.’

पळत घरी आले, यांना सांगायला. हे वाकळ घेऊन निजलेले, दोन्ही गुडघे भोपळ्यागत सुजलेले. मी म्हनलं, आवं ऐका, तिनं सोडला. म्हनाले, ‘सोडला का? बरं झालं. आता जेवशील?’

४ एप्रिल, पाडवा

सायब थांबलेत. काम अर्ध्यावर सोडता येत न्हाई असं वर कळवलं म्हने. चीर भरली, लोखंडाच्या कांबी घातल्या, वरनं चुना.

खोळ आज परवरेला नेली. नदीत पानी न्हाई, एका डोहात हाय थोडं. बैलगाडीत ठेवली, म्होरं डफडं. मी गाडीत तिच्याशेजारी बसले, हात ठेवून. कडेला फुटली हुती तिथं थर दिसत हुते, कांद्यागत. वरचा भगवा तो माजा. त्याच्याखालचा काळपट, तो सासूबाईंचा, त्या तेल जास्ती घालायच्या. त्याच्याखाली त्यांच्या सासूचा. मंग आनखी आत, आनखी आत, ज्यांची नावं कुनाला म्हाईत न्हाईत त्या बायांचे. सगळ्यांच्या बोटांवरनं उतरलेला शेंदूर. गाडी हालत हुती, मला झापड आली, वाटलं त्या सगळ्या गाडीत बसल्यात, दाटीवाटीनं, पाय खाली सोडून, आन नदीवर निघाल्यात धुनं घेऊन.

डोहात सोडली तवा पानी लाल झालं. मंग निवळलं.

सायब म्हनाले, ‘आजी, आता शेंदूर लावायचा नाही. तेलही नाही. फूल चालेल.’ मला म्हाईत हुतं. तरी हात मोकळा झाला की तो कुठं ठेवायचा ते कळत न्हाई. मी पदरानं पुसत ऱ्हायले, पुसायला काय नसताना.

१७ मे, बुद्धपौर्निमा

मंडपाचे तीन खांब उभे झाले. चौथा मोडका हाय, तो आडवाच ऱ्हानार. आत वारा आता येगळ्या वाटेनं येतो.

सकाळी बौद्धवाड्यातली मानसं आली, पांढरी लुगडी नेसून, मेनबत्त्या घेऊन. भीमाबाई आली न्हाई, तिचं म्हननं लेणाई खोळीत हुती ती नदीला गेली, हा दुसरा कोन तरी. मी म्हनते, ज्यानं माजं एवढी वर्सं ऐकलं तो दुसरा कसा? बनुबाई खालच्या पायरीला थांबली. मी गेले, तिचा दंड धरला. म्हनलं, ‘आता तुज्या घरचंच कार्य हाय, आन मी का पुढं बसू?’ ती आत आली. लई वेळ त्या तोंडाकडं बगत ऱ्हायली. मंग दोघी शेजारी बसलो, ती म्हनत हुती ते मी मागनं म्हनले, आलं तेवढं.

नंतर मी तिला हळू इचारलं, ‘बने, एवढी वर्सं म्या ह्याला लुगडं नेसवलं. राग आला असंल का गं?’

बनुबाई म्हनली, ‘राग कशाचा? थंडी तरी वाजली न्हाई.’

दोघी एवढ्या हसलो की सायबांनी वळून बगितलं.

आन आज हे पन आले. गुडघ्याला फडकं बांधून, काठी टेकीत, चांगुणाच्या खांद्यावर हात ठेवून. इतक्या वर्सांनी डोंगर चढले, माज्या आनंदाला काय सांगू. आत काय आले न्हाईत. दारातल्या दगडावर टेकले आन म्हनाले, ‘मी हितनंच बगतो.’

मी म्हनलं, ‘बगा तरी, कसा दिसतो.’

‘बरा दिसतो,’ हे म्हनाले. ‘फकस्त डाव्या कानाच्या मागं थोडा शेंदूर ऱ्हायलाय. तिथं बोट जात न्हाई.’

मी गेले, मेनबत्ती धरून मान वाकडी करून कानाच्या मागं बगितलं. खरंच हाय. चिंचोक्याएवढा. मी रोज येते, मला कवा दिसला न्हाई. आन ह्यांना दारातनं दिसला. म्हाताऱ्याची नजर अजून चांगली हाय, चष्मा नको म्हनतात ते उगी न्हाई.

सायबांना सांगितलं न्हाई. तेवढा असू दे.